रात्रीच्या गस्तीवरचा शिपाई: त्याचं काम काय, त्याला शिकवतात काय आणि आपल्या घरात काय माहीत असावं

आपल्या मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत पोलिसाचं नाव दोनच वेळा निघतं. एकदा लहान मूल जेवत नसलं की, "खा, नाहीतर पोलीस येईल!" आणि दुसऱ्यांदा काही वाईट घडलं की. मधल्या काळात तो माणूस रोज रात्री आपल्या गल्लीतून मोटारसायकलवर जातो, बँकेपाशी थांबतो, नाक्यावरच्या पोरांना घरी जायला सांगतो. पण त्याचं नाव काय, त्याला अधिकार किती, तो कोणाच्या हुकमानं फिरतो, हे आपल्याला माहीत नसतं. माहीत नसल्यामुळे दोन चुका होतात. काही पोरं पोलीस दिसताच पळतात आणि विनाकारण संशयात येतात. काही पालक ठाण्यात पोहोचतात आणि नेमकं काय विचारायचं हेच त्यांना कळत नाही.

शाळेत नववी-दहावीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मुलं हमखास विचारतात, "सर, पोलीस रात्री नुसतं उभं राहिलं म्हणून पकडू शकतात का?" आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "सर, पोलीस व्हायला काय लागतं?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र समजून घेतली तर बरं. म्हणून हा लेख.

लहान शहरात पोलिसांची रचना कशी असते

मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर अशा मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालय असतं. परभणी, बीड, जळगाव, धुळे, नांदेड, अकोला यांसारख्या शहरांत आयुक्त नसतो. तिथे सगळा कारभार जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली चालतो. मालेगाव एवढं मोठं शहर, पण तेही नाशिक ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतं आणि तिथे अपर पोलीस अधीक्षक बसतात. हा फरक नुसता नावाचा नाही. आयुक्तालयात आयुक्तांना कार्यकारी दंडाधिकाऱ्याचेही अधिकार असतात. अधीक्षकांच्या जिल्ह्यात ते काम तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी करतात. म्हणून लहान शहरात कोणाला 'शांतता राखण्याच्या बाँड'साठी नेलं तर कागद तहसीलदार किंवा प्रांताकडे जातो.

शहरात काही पोलीस ठाणी असतात. प्रत्येक ठाण्याचा प्रमुख पोलीस निरीक्षक असतो. त्याच्या खाली सहायक निरीक्षक आणि उपनिरीक्षक, त्यांच्या खाली सहायक उपनिरीक्षक, हवालदार आणि शिपाई. ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते. एका बीटमध्ये काही मोहल्ले, एखादा बाजार, शाळा, बँका, मशिदी, मंदिरं, दवाखाने येतात. त्या बीटची जबाबदारी एका अंमलदारावर असते. लोक त्याला 'बीट हवालदार' किंवा 'बीट जमादार' म्हणतात. मोटारसायकलवर जोडीने फिरणारे ते 'बीट मार्शल'.

दिवस कसा जातो

सकाळी हजेरी होते. कोणाला कुठली ड्यूटी ते तिथे कळतं. एक जण कोर्टात, दोघे समन्स-वॉरंट बजावायला, दोघे व्हीआयपी बंदोबस्ताला, कोणी कैदी घेऊन तुरुंगाकडे, आणि राहिले ते गस्तीवर. लहान शहरात माणसं कमी असतात, म्हणून जो दिवसा आठवडी बाजारात उभा असतो तोच अनेकदा रात्री नाकाबंदीला दिसतो. बारा-बारा तासांची ड्यूटी ही राज्यात जुनी गोष्ट आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि तिथलाच एक शिपाई त्यामागे होता. पण कमी मनुष्यबळाच्या ठिकाणी बंदोबस्त आला की घड्याळ बाजूलाच राहतं. रमजानमध्ये तरावीहनंतर बाजार उशिरापर्यंत भरतो, त्या वेळी गस्तीवर असलेला माणूस सकाळपासून उभा असू शकतो. त्यानं उर्मट वागावं असा याचा अर्थ नाही. पण समोरच्याची अवस्था माहीत असली तर बोलणं सोपं जातं.

गस्तीचं काम साधारण असं असतं:

- ठरलेल्या ठिकाणी जाऊन नोंद करणं. पूर्वी बँका, सराफ बाजार, प्रार्थनास्थळं इथे वही ठेवलेली असायची आणि शिपाई सही करायचा. आता बऱ्याच ठिकाणी भिंतीवर क्यूआर कोड असतो, तो मोबाइलवर स्कॅन केला की वेळ आणि जागा नोंदली जाते. गस्त खरंच झाली की नाही, हे अधिकाऱ्याला त्यावरून कळतं.
- रेकॉर्डवरचे गुन्हेगार घरी आहेत का ते तपासणं.
- रात्री बंद दुकानांची कुलपं पाहणं, नाकाबंदीत वाहनं तपासणं.
- रात्री १० नंतर लाऊडस्पीकर, डीजे बंद करायला लावणं. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत ठरलेली आहे.
- भांडण, अपघात, आग, हरवलेलं मूल, बेवारस वस्तू अशा ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणं.
- शाळा-कॉलेज सुटताना थांबणं. मुलींच्या छेडछाडीसाठी अनेक जिल्ह्यांत महिला पोलिसांची वेगळी पथकं आहेत. त्यांना कुठे 'दामिनी', कुठे 'निर्भया' म्हणतात.

११२ फिरवल्यावर काय होतं

पूर्वी १०० नंबर लावला की शहराच्या नियंत्रण कक्षात फोन जायचा. आता राज्यभर ११२ आहे. फोन आधी राज्याच्या मध्यवर्ती केंद्रात लागतो. तिथून तुमची जागा आणि तक्रार जिल्ह्याकडे जाते आणि जवळच्या गस्तीच्या गाडीतल्या यंत्रावर दिसते. गाडी निघाली कधी, पोहोचली कधी, काय केलं, हे सगळं नोंदलं जातं. याचा फायदा असा की "आम्हाला फोनच आला नव्हता" असं नंतर कोणी म्हणू शकत नाही. म्हणून ओळखीच्या पोलिसाला खासगी फोन करण्याऐवजी आधी ११२ लावा. घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना हा नंबर पाठ हवा. सोबत आणखी दोन नंबर लक्षात ठेवा: मुलांसाठी १०९८ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

कायदा त्याला काय काय करायला सांगतो

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ हा आपल्या राज्यातल्या पोलिसांचा मूळ कायदा. त्याचं कलम २८ म्हणतं की पोलीस कायम ड्यूटीवरच समजला जाईल. कलम ६४ मध्ये त्याची कामं दिली आहेत: समन्स-वॉरंट बजावणं, गुन्ह्यांची माहिती काढणं, सार्वजनिक उपद्रव रोखणं, ज्याला अटक करायचा कायद्याने अधिकार आहे त्याला पकडणं.

पण सामान्य माणसाने खास वाचावं असं कलम आहे ६६. रस्त्यावर असहाय पडलेल्या किंवा अपंग माणसाला शक्य ती सगळी मदत करणं, दारू पिऊन पडलेल्याला ताब्यात घेऊन सांभाळणं, अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर त्याला लगेच उपचार मिळवून देणं, अटकेतल्याच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय बघणं, झडती घेताना उगाच उद्धटपणा आणि त्रास न देणं, बायका-मुलांशी सभ्यतेने आणि सौम्यपणे वागणं, आग आणि अपघात टाळायचा प्रयत्न करणं. ही पोलिसाची मेहेरबानी नाही. त्याच्याच कायद्यात लिहिलेलं कर्तव्य आहे. ठाण्यात बोलताना "साहेब, कलम ६६ प्रमाणे त्याला दवाखान्यात न्यायला हवं" हे एक वाक्य शांतपणे म्हणता आलं, तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आता मुलांचा तो प्रश्न. नुसतं रात्री उभं राहणं गुन्हा आहे का? याच कायद्याचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांबद्दल आहे. पण त्यात अटी आहेत: गुन्ह्याच्या इराद्याने हत्यार बाळगणं, तसाच इरादा ठेवून चेहरा झाकणं, घरफोडीची साधनं जवळ असणं, दुसऱ्याच्या इमारतीत समाधानकारक कारणाशिवाय सापडणं, किंवा नामचीन चोर असून रस्त्यावर घुटमळणं. कॉलेजचं पोरगं चहा प्यायला थांबलं, तर ते यात बसत नाही. मात्र पोलिसाने "कोण, कुठून आला, कुठे चालला" हे विचारणं गैर नाही. वाजवी सूचना दिली, उदाहरणार्थ रस्ता मोकळा करा, तर ती पाळणं कलम ६८ प्रमाणे आपल्यावरही बंधनकारक आहे. शिवाय काही वेळा शहरात जमावबंदीचा आदेश लागू असतो. त्या काळात चार-पाच जणांचं टोळकंही अडचणीत येऊ शकतं. घरात मोठ्यांनी अशा आदेशांची बातमी वाचून मुलांना सांगायला हवी.

शिपायाचे अधिकार कुठे थांबतात

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, बरेचसे हक्क तेच राहिले. गस्तीशी संबंध येतो तेवढे सांगतो.

अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट वाचता येईल अशी ओळख हवी. अटकेचा पंचनामा म्हणजे मेमो बनवायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. हे कलम ३६ सांगतं. अटकेचं कारण सांगायचं, घरी कळवायचं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असं नाही. प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची माहिती देणारा एक नेमलेला अधिकारी असायला हवा.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर स्त्रिया, १५ वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना ठाण्यात बोलावून बसवता येत नाही. पोलिसाने त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा अशक्त माणसाला अटक करायला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

जमाव पांगवायचा हुकूम शिपाई स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही. तो कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाणे प्रमुख देतो, आणि ठाणे प्रमुख हजर नसेल तर किमान उपनिरीक्षक.

मोबाइलबद्दल आजकाल तक्रारी फार येतात. रस्त्यात उभं करून लॉक उघडायला लावायचं आणि गॅलरी, व्हॉट्सॲप चाळायचं, हे गस्तीच्या नेहमीच्या कामात येत नाही. तपासात फोन जप्त करायचा असेल तर जप्तीची यादी आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. आता कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रणही करायचं आहे.

वाहनाचं उलट आहे. गणवेशातल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं चालतं. इथे पालकांना एक कडक सूचना. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात मोटारसायकल दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. शाळेत येताना तिघे-तिघे एका गाडीवर दिसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

अठराच्या आतलं मूल असेल तर

बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेडी घालता येत नाही. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, आणि मुलाशी बोलताना त्याने शक्यतो साध्या कपड्यांत असायला हवं. आई-वडिलांना कळवायचं आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. घोर गुन्हा नसेल आणि सोबत मोठी माणसं आरोपी नसतील, तर मुलावर एफआयआर करायचा नसतो, फक्त डायरीत नोंद करायची असते. पण हे सगळं तेव्हाच लागू होतं, जेव्हा वय सिद्ध होतं. म्हणून शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला घरात अशा ठिकाणी ठेवा, की रात्री दोन वाजताही अम्मीला सापडेल.

त्याला शिकवतात काय

शिपाई म्हणून निवड झाली की साधारण नऊ महिन्यांचं मूलभूत प्रशिक्षण असतं. राज्यात नागपूर, अकोला, जालना, लातूरजवळ बाभळगाव, धुळे, सोलापूर, सांगली जिल्ह्यात तुरची, खंडाळा, मुंबईत मरोळ अशा ठिकाणी प्रशिक्षण केंद्रं आहेत. नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी वेगळी, तिथे उपनिरीक्षक आणि वरचे अधिकारी तयार होतात.

प्रशिक्षणाचे दोन भाग. मैदानावरचं शिक्षण पहाटे सुरू होतं: धावणं, कवायत, लाठी, शस्त्र हाताळणं आणि निशाणेबाजी, जमाव नियंत्रणाची रचना, निःशस्त्र प्रतिकार, योगासनं. वर्गातलं शिक्षण दिवसभर: भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष अधिनियम, पोलीस अधिनियम, बाल न्याय, पॉक्सो, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध, वाहतूक नियम, मानवी हक्क, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, संगणकावर नोंदी करणं. परीक्षा होतात, शेवटी दीक्षान्त संचलन होतं. त्यानंतर बहुतेक जण आधी जिल्हा मुख्यालयात जातात. तिथे गार्ड, कैदी पार्टी, बंदोबस्त. ठाण्याचं आणि गस्तीचं काम नंतर मिळतं.

मग गस्तीवर वागणूक कधी कधी वाईट का दिसते? एक कारण असं की कायदा वर्गात शिकता येतो, पण मोहल्ला वर्गात शिकता येत नाही. कुठली गल्ली कुठे निघते, कोण खरंच उपद्रवी आणि कोण नुसता तोंडाळ, कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते, हे जुन्या हवालदाराबरोबर फिरूनच कळतं. तो जुना माणूस चांगला असेल तर नवा शिपाई चांगलं शिकतो, नाहीतर वाईट सवयी शिकतो. बदल्या होत राहतात आणि शिकलेला माणूस निघून जातो.

या बाबतीत आपल्या राज्यात एक मोठं उदाहरण आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त झाले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, त्यात दोन्ही समाजांतले साधे लोक घेतले. खास गोष्ट अशी की कमिटीचा रोजचा धागा मोठ्या साहेबांच्या हाती न ठेवता बीटच्या शिपाई-हवालदाराच्या हाती दिला. नळावरचं भांडण असो की मिरवणुकीचा मार्ग, आधी तिथेच बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगल पेटली होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. सर्वांत खालच्या पायरीवरच्या पोलिसाला लोक नावाने ओळखत असतील तर काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

आपल्या मुला-मुलींना व्हायचं असेल तर

शिपाई भरतीला बारावी पास लागते. खुल्या प्रवर्गाला वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. आधी मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं, मुलींना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांत पोहोचावं लागतं, ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंदांत. मैदानीत निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. सुरुवातीची वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून, वर भत्ते. जाहिरात निघाली की त्या वर्षाच्या अटी मात्र नीट वाचून घ्या.

उर्दू माध्यमाच्या मुलांचं गाडं अडतं ते इथेच. पेपर मराठीत असतो. आमची मुलं धावण्यात मागे नसतात, गणितातही ठीक असतात. समास, प्रयोग, वाक्प्रचार, शुद्धलेखन इथे गुण जातात. बाजारात बोलायची मराठी आणि परीक्षेची मराठी वेगळी. आठवीपासून रोज एक मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावा आणि बारावीनंतर दोन महिन्यांच्या क्लासवर भिस्त ठेवू नका. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी शासनाची भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजनाही आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

कागदपत्रांतही फसतात. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, मणियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेवर काढलेलं नसतं, म्हणून मूल खुल्यातून फॉर्म भरतं. मुलींना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. मोहल्ल्यात एखादीचं सासर-माहेर काय म्हणेल हा विचार होतो, ते समजतं. पण छेडछाडीची तक्रार घेऊन आपलीच मुलगी ठाण्यात जाते, तेव्हा समोर तिची भाषा समजणारी महिला पोलीस असावी, असं प्रत्येक आईला वाटतं. ती कुठल्यातरी घरातूनच यायला हवी.

गस्तीने अडवलं तर: मुलांना घरी सांगायच्या गोष्टी

- पळू नका. गाडी बंद करा, हात दिसतील असे ठेवा, नाव-पत्ता खरा सांगा.
- वाद घालू नका. नेमप्लेटवरचं नाव आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवा.
- ठाण्यात नेत असतील तर कारण आणि ठाण्याचं नाव विचारा, घरी फोन करू द्या म्हणा.
- न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नका. मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

आणि मोठ्यांसाठी: ठाण्यात पन्नास जणांचा घोळका नेऊ नका. दोन शांत माणसं आणि जमलं तर एक वकील पुरेसा आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत मिळतो. बायका, मुलं आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. जे सांगायचं ते लेखी द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेत नसतील तर कलम १७३ प्रमाणे अधीक्षकांना लेखी पाठवा, तरीही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. पोलिसाने गैरवर्तन केलं असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

दरवर्षी २ जानेवारीपासून पोलीस रेझिंग डेचा आठवडा असतो. त्यात शाळांना ठाणं पाहायला बोलावतात. शाळेने नाव दिलं नसेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना आठवण करावी. मुलं वायरलेस बघतात, लॉकअप बघतात, शिपायाला प्रश्न विचारतात. त्या दिवशी आपल्या बीटच्या अंमलदाराचं नाव आणि ठाण्याचा नंबर लिहून आणायला सांगा आणि घरात दाराच्या मागे चिकटवून ठेवा.